पंचवीस दिवस

किनी हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, हा कुणी गोव्या-कारवारकडचा किणी असणार. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मैदानावर गुडघाभर पाणी साचलं होतं. सराव होणं शक्य नव्हतं. आम्ही सगळे जिमखान्याच्या पत्र्याखाली बूट हातात धरून उभे होतो. सरांना गप्प बसवत नाही. त्यांनी एकदम विचारलं, "स्ट्रायकर म्हणजे काय रे?"

"गोल मारतो तो, सर," कुणीतरी म्हणालं.

"गोल सगळेच मारतात कधी ना कधी. पण मैदानाबाहेर आल्यावर माणूस कसा वागतो, तेही बघावं. किनी ऐकलाय कुणी?"

कुणीच ऐकला नव्हता. आम्हाला मेस्सी ठाऊक, रोनाल्डो ठाऊक. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या तालमी भिडल्या की दुकानदार गल्ला बंद करून येतो आणि म्हातारी माणसं काठी टेकत येतात. वर्ल्ड कप आला की चौकाचौकात अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. पण पन्नास वर्षांपूर्वीचा स्पेनमधला एक स्ट्रायकर आम्हाला कुठून ठाऊक असणार? सरांनी त्या दिवशी दहा मिनिटांत त्याची गोष्ट सांगितली. पाऊस थांबला, मुलं पांगली. माझ्या डोक्यातून मात्र ती गोष्ट गेली नाही. मग मी मिळेल तिथून त्याच्याबद्दल वाचत सुटलो. स्पॅनिश मला येत नाही, इंग्रजी वाचतानाही शब्दकोश जवळ लागतो. तरी वाचलं. का वाचलं, ते पुढे सांगतो.

त्याचं खरं नाव एनरिके कास्त्रो गोन्झालेस. किनी हे लाडकं नाव. जन्म 23 सप्टेंबर 1949, स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियास प्रांतात, ओव्हिएदो शहरात. हा प्रांत कोळशाच्या खाणींचा आणि पोलादाचा. किनीचं बालपण आवीलेस गावात गेलं. तिथे एनसिदेसा नावाचा सरकारी पोलाद कारखाना होता आणि त्याच्या कामगारांसाठी बांधलेली वसाहत होती. त्या वसाहतीत तो वाढला, कारखान्याच्याच संघातून खेळू लागला. हे वाचलं आणि मी थबकलो. माझे आबा फौंड्रीत साच्यात रस ओततात. पावसाळ्यातसुद्धा त्यांचा सदरा घामाने भिजलेला असतो आणि हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग असतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला असाच भट्टीच्या धगीशेजारी वाढलेला एक पोरगा होता, एवढ्यानेच तो मला गल्लीतला वाटू लागला.

1968 साली तो खिखोन शहरातल्या स्पोर्तिंग या क्लबात आला. त्या क्लबच्या मैदानाचं नाव एल मोलिनोन, म्हणजे मोठी गिरणी. पूर्वी तिथे पाणचक्की होती म्हणून हे नाव. स्पेनमधल्या व्यावसायिक फुटबॉलचं हे सर्वांत जुनं मैदान. तिथले लोक त्याला 'एल ब्रुखो' म्हणत, म्हणजे मांत्रिक. चेंडू कुठे पडणार हे त्याला आधीच कळायचं म्हणे. तो फार धावायचा नाही. पण चेंडू गोलसमोर आला की हा तिथे उभा! प्रेक्षक ओरडायचे, "आत्ता, किनी, आत्ता!"

स्पेनमध्ये मोसमात सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला 'पिचिची' नावाचं पारितोषिक असतं. 1922 साली मरण पावलेल्या बिल्बाओच्या एका स्ट्रायकरचं ते टोपणनाव. हे पारितोषिक किनीला पहिल्या श्रेणीत पाच वेळा मिळालं: 1974, 1976, 1980, 1981 आणि 1982 साली. दुसऱ्या श्रेणीत दोनदा मिळालं ते वेगळंच. यातलं 1976 साल मला फार विलक्षण वाटतं. त्या मोसमात साऱ्या देशात सर्वांत जास्त गोल, अठरा, किनीचे. आणि त्याचाच स्पोर्तिंग संघ खालच्या श्रेणीत घसरला! वर्गात पहिला आलेल्या मुलाची शाळाच बंद पडावी, तसं काहीसं. खेळाडूला सोडायचं की ठेवायचं हे तेव्हा स्पेनमध्ये बरंचसं क्लबच्याच हाती असे. किनी खालच्या श्रेणीत खेळला, तिथेही सर्वांत जास्त गोल केले आणि 1977 साली संघाला पुन्हा वर आणलं. 1979 साली तर तो लहानसा क्लब लीगमध्ये दुसरा आला. आजपर्यंत त्याहून वर तो कधी गेलेला नाही.

1980 साली, तिशी उलटताना, किनी बार्सिलोनाला गेला. आता मोठा क्लब, मोठं मैदान, मोठा पैसा. आणि इथून ती पंचवीस दिवसांची गोष्ट सुरू होते.

1 मार्च 1981, रविवार. स्पेनमध्ये हुकूमशाही जाऊन लोकशाही येऊन जेमतेम काही वर्षं झाली होती. आधीच्याच आठवड्यात, 23 फेब्रुवारीला, काही शिपाई बंदुका घेऊन संसदेत घुसले होते आणि ते बंड फसलं होतं. देश अजून धास्तावलेला. अशात त्या रविवारी बार्सिलोनाने एर्कुलेस संघाला सहा-शून्य असं हरवलं. सहांतले दोन गोल किनीचे. संघ लीग जिंकण्याच्या बेतात होता. सामना संपवून किनी घरी गेला. बायको आणि मुलं विमानाने परत येणार होती, त्यांना आणायला विमानतळावर निघायचं होतं. वाटेत दोघांनी त्याला पिस्तूल दाखवलं आणि त्याच्याच मोटारीत कोंबलं. विमानतळावर बायको वाट बघत राहिली.

त्याला तीनशे किलोमीटर दूर झारागोसा शहरात नेलं आणि एका मोटार दुरुस्तीच्या गॅरेजखालच्या तळघरात कोंडलं. पळवणारे तिघे होते. सुरुवातीला पोलिसांना वाटलं, हे अतिरेक्यांचं काम असणार. तसं काहीच नव्हतं. ते तिघे मेकॅनिक-इलेक्ट्रिशियन अशी हातकामं करणारे, हाताला काम नसलेले लोक होते. त्यांनी दहा कोटी पेसेता मागितले. पैसे स्वित्झर्लंडमधल्या बँकेच्या खात्यात भरायला सांगितले. त्या खात्यावर तिथल्या आणि इथल्या पोलिसांनी मिळून पाळत ठेवली. पैसे काढायला गेलेला एकजण हाती लागला आणि त्याच्या मागावर पोलीस त्या तळघरापर्यंत पोचले. 25 मार्चला किनी बाहेर आला. दाढी वाढलेली, चेहरा ओढलेला. त्याच रात्री लंडनच्या वेम्ब्लीवर स्पेनने इंग्लंडला दोन-एक असं हरवलं. स्पेनमध्ये त्या रात्री लोकांना कशाचा आनंद जास्त झाला असेल, कोण जाणे!

त्या पंचवीस दिवसांत बार्सिलोनाचा संघ पार कोलमडला. त्याच्या जोडीदारांचं खेळात मन लागेना. हातातली लीग गेली. रेआल सोसिएदाद पहिला आला, बार्सिलोना पाचवा. किनी मात्र परतला आणि पुन्हा गोल करू लागला. इतके सामने चुकूनही त्या मोसमातले सर्वांत जास्त गोल, वीस, त्याचेच! जूनमध्ये माद्रिदला राजाच्या चषकाचा अंतिम सामना झाला. बार्सिलोनासमोर कोण? त्याचं जुनं स्पोर्तिंग. त्याचा भाऊ खेसूस कास्त्रो अजून त्याच क्लबचा गोलरक्षक होता. बार्सिलोना तीन-एक जिंकलं, दोन गोल किनीचे. पुढच्या वर्षी, 1982 च्या मे महिन्यात, युरोपातल्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्टँडर्ड लिएज विरुद्धचा विजयी गोलही त्याचाच.

पण सरांनी ज्यासाठी ही गोष्ट सांगितली, ते यापुढे आहे. खटला चालला. तिघांना दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. शिवाय झालेल्या त्रासाबद्दल किनीला पन्नास लाख पेसेता भरपाई द्यावी, असा निकाल लागला. किनीने ती भरपाई घेतली नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, त्यांनी मला वाईट वागवलं नाही, असं तो म्हणाला आणि आयुष्यभर म्हणत राहिला.

पत्र्याखाली हे ऐकलं तेव्हा बाकीची मुलं "भारी!" म्हणाली. मला मात्र राग आला. खरंच राग आला. मनात म्हटलं, त्याचं ठीक आहे. त्याच्याकडे पैसा होता, नाव होतं. त्याला माफ करणं परवडत होतं. आमच्यासारख्यानं काय करावं?

आता माझ्या रागाचं कारण सांगायला हवं.

आमच्या गल्लीत माझा एक जोडीदार होता. नाव लिहीत नाही. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो आणि चौथीपासून एका संघात खेळलो. तो डावीकडून पळायचा आणि चेंडू उचलून द्यायचा. मी मध्ये डोकं लावायचो. माझे निम्मे गोल त्याचे आहेत, हे मी तेव्हाही म्हणायचो. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि कामाला लागला. मी पुढे शिकलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्याचा त्यालाही अभिमान होता. "आमचा भावा बी.ए. होणार," असं तो चहाच्या गाड्यावर सगळ्यांना सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी प्रवेशाच्या वेळची गोष्ट. आबांनी भिशी उचलून मला सात हजार चारशे रुपये आणून दिले होते. फी, पुस्तकं, एस.टी.चा पास, सगळं त्यात बसवायचं होतं. मी ते ट्रंकेत ठेवले. त्या रात्री तो आमच्याकडे झोपायला होता. त्याचं काम सुटून चार महिने झाले होते, घरात भांडणं चालली होती, म्हणून तो अधूनमधून आमच्याकडेच यायचा. सकाळी मी उठलो तेव्हा तो गेलेला होता. दुपारी ट्रंक उघडली, तर पैसे नव्हते.

तिसऱ्या दिवशी तो मला नदीच्या वाटेवर भेटला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "घेतलं मी. गाडीचं हप्तं थकलं हुतं. गाडी ओढून न्यायला आली हुती माणसं. दीन परत."

घरात कुणी आजारी आहे, बहिणीचं लग्न आहे, असं काही तो म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. पण मोटारसायकलचे हप्ते! मी त्याला तोंडाला येईल ते बोललो आणि निघून आलो. आबांना सांगितलं. आबा जेवत होते. घास खाली ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "त्याच्या घरात चूल पेटती का, बघितलंस का?" मला आबांचाही राग आला. पुढे दोन महिने आबांनी डबल पाळी केली, माझी फी भरली. रात्री अकरा वाजता ते घरी यायचे आणि पाय धुताना भिंतीचा आधार घ्यायचे. तो आधार घेतलेला हात बघितला की माझ्या पोटात आग पडायची. त्या दिवसापासून मी जोडीदाराशी बोललो नाही. तो समोरून आला की मी रस्ता बदलायचो.

म्हणून किनीची गोष्ट मला सोसली नाही. ती खोटी ठरवायला म्हणूनच मी वाचत सुटलो. कुठेतरी सापडेल की त्याने माफ केलंच नव्हतं, किंवा माफ करून त्याला काहीतरी मिळालं होतं. तसं काही सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच.

एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. किनीने त्या तिघांना माफ केलं म्हणजे नेमकं काय केलं? त्यांना तुरुंगातून सोडवलं नाही. गुन्हा झालाच नाही, असंही म्हटलं नाही. दहा वर्षांची शिक्षा कायद्याने दिली, ती कायद्याची होती. मोसम हातचा गेला, तो क्लबचा आणि लाखो प्रेक्षकांचा होता. ते माफ करणं त्याच्या हातात नव्हतं आणि त्याने तसा आवही आणला नाही. भरपाई तेवढी त्याची होती. मनातली अढी त्याची होती. जे स्वतःचं होतं, तेवढंच त्याने सोडलं. आणि त्याला ते स्वस्तात पडलं, असंही मला आता म्हणवत नाही. पंचवीस रात्री जमिनीखाली काढताना त्याच्या बँकेतल्या पैशाचा त्याला काय उपयोग होता? तिथे तो फक्त एका घराचा बाप होता, ज्याची बायकोपोरं विमानतळावर उतरली आणि त्यांना न्यायला कुणी आलं नाही.

मी स्वतःचा हिशेब मांडून बघितला. सात हजार चारशे रुपये आबांचे. दोन महिन्यांच्या डबल पाळ्या आबांच्या. ते माफ करण्याचा अधिकार मला नाही. मग माझं काय? माझा फक्त अबोला. आणि आबांच्या नावाने मी तो दोन वर्षं जपत होतो. आबा मात्र पहिल्या रात्रीच चुलीची चौकशी करून मोकळे झाले होते.

किनीचं पुढचं आयुष्यही काही सोपं नव्हतं. 1984 साली तो बार्सिलोना सोडून पुन्हा स्पोर्तिंगला आला आणि 1987 साली तिथेच खेळणं थांबवलं. देशासाठी तो पस्तीस सामने खेळला. 1978 आणि 1982 या दोन्ही वर्ल्ड कपच्या संघांत होता. पण तिथे त्याचं नशीब फारसं फळलं नाही. 1993 च्या जुलैत त्याचा गोलरक्षक भाऊ खेसूस समुद्रकिनाऱ्यावर होता. पाण्यात बुडणाऱ्यांना वाचवायला त्याने उडी घेतली. ते वाचले, तो गेला. पुढे किनीला कर्करोगाने गाठलं, त्यातूनही तो उठला. क्लबच्याच कामात राहिला, नव्या पोरांच्या पाठीवर हात ठेवत राहिला. 27 फेब्रुवारी 2018 रोजी खिखोनमध्ये हृदयविकाराने त्याला मृत्यू आला. वय अडुसष्ट. त्याला निरोप द्यायला लोक चर्चमध्ये मावणार नव्हते, म्हणून अंत्यविधीची प्रार्थना एल मोलिनोनच्या मैदानातच झाली. आता त्या मैदानाच्या नावापुढे त्याचं नाव लागलं आहे.

मैदानाला नाव देण्याइतके गोल पुष्कळांनी केले असतील. पण ज्या तिघांनी त्याला जमिनीखाली कोंडलं, त्यांच्याबद्दल वाईट बोलायला त्याने शेवटपर्यंत नकार दिला, हे त्या गावाला ठाऊक होतं. मला वाटतं, लोक मैदानात आले ते त्यासाठीही.

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी आम्ही गल्लीतली पोरं खेळत होतो. तो नेहमीसारखा गोलच्या मागच्या भिंतीवर बसला होता. दोन वर्षं तो तिथेच बसतो, हे मला ठाऊक होतं. मी बघत नव्हतो एवढंच. चेंडू भिंतीकडे गेला. मी आणायला गेलो. त्याने तो पायाखाली अडवून धरला होता. क्षणभर दोघेही गप्प.

मी म्हणालो, "येतोस? डावीकडं कोण न्हाई."

"बूट न्हाईत," तो म्हणाला.

"मग अनवाणी ये."

तो आला. आधी त्याचे दोन-तीन चेंडू वाकडे गेले; सवय मोडली होती. मग एक बरोबर माझ्या डोक्यावर आला. मी तो बारवर घालवला. तो हसला, मीही हसलो. पैशाबद्दल एक अक्षर निघालं नाही.

अंधार पडल्यावर निघताना तो मागून आला. म्हणाला, "आबास्नी सांग, काम लागलंय. पगार झाला की येतो."

मी म्हणालो, "तूच सांग की घरात येऊन."

हे लिहीपर्यंत तो आलेला नाही आणि पैसेही आलेले नाहीत. कदाचित येतील, कदाचित येणार नाहीत. तो हिशेब आबांचा आणि त्याचा आहे. रविवारी मात्र तो डावीकडून पळतो, आणि मी मध्ये उभा राहून त्याच्या चेंडूची वाट बघतो.